खोलीत सांगितलेला नियम

रविवारी सकाळी दहा वाजता बाईंच्या जेवणाच्या टेबलावरचे डबे ओट्यावर जायचे आणि त्यांच्या जागी एक जाडजूड रजिस्टर, तीन वह्या आणि तीन पेन्सिली यायच्या. खोडरबर मुद्दाम नसायचं. "चुकलं तर त्यावर एक रेघ मारा," बाई म्हणायच्या. "काय चुकलं होतं तेही नंतर वाचता आलं पाहिजे."

अडतीस वर्षं प्राथमिक शाळेत विज्ञान शिकवून बाई निवृत्त झाल्या होत्या. लोकांची निवृत्ती बागेत जाते, यांची भुतांत गेली. गल्लीत त्यांच्या मंडळाला 'भुतांची शाळा' म्हणत, आणि बाईंना त्याचा राग येत नसे. शाळाच होती ती. विद्यार्थी दोन. एक वायरमन, जो पस्तीस वर्षांपूर्वी बाईंच्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा आणि आता पंचेचाळिशीतही बाईंसमोर चहाचा घोट आवाज न करता घ्यायचा. दुसऱ्या सिस्टर, रुग्णालयाच्या वॉर्डात तीस वर्षं काढलेल्या, कशालाच न दचकणाऱ्या.

कुणाच्या घरात काही वाजलं, हललं, दिसलं, की लोक यांना बोलवायचे. आणि हे जायचे, पण स्वतःच्या अटींवर. घरमालकाची लेखी परवानगी हवी. भर दिवसा जायचं, कारण रात्री डोळे निम्मे होतात आणि भीती दुप्पट. कुणाला हाक मारायची नाही, 'असशील तर खूण दे' असले प्रकार करायचे नाहीत. पाहिलं-ऐकलं ते आधी आपापल्या वहीत लिहायचं, मग तोंड उघडायचं. नाहीतर एकाची भीती तिघांची होते. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना," बाई सांगायच्या, "तर आपण आधी भित्याकडे बघायचं. त्याला पाणी द्यायचं. ब्रह्मराक्षस कुठे पळून जात नाही."

आणि एक नियम होता, तो नव्या माणसाला विचित्र वाटायचा. आपला आवाज आपण सांगायचा. शांत बसलेलं असताना खोकला आला, तर लगेच हळू आवाजात म्हणायचं, "खोकला. मी." पाय सरकला तर "पाय. मी." म्हणजे नंतर रेकॉर्डर ऐकताना आपल्याच खोकल्याचं भूत होत नाही.

सात वर्षांत तेवीस घरं झाली होती. उंदीर निघाले, नळ निघाले, एकदा शेजारच्या घरात चोरून बासरी शिकणारे साठ वर्षांचे गृहस्थ निघाले. तीन घरांपुढे रजिस्टरमध्ये 'कळलं नाही' असं लिहिलेलं होतं. बाईंना त्या नोंदीची लाज नव्हती. शाळेतही 'मला येत नाही' असं उत्तरपत्रिकेत लिहिणाऱ्या मुलाला त्या अर्धा गुण देत.

चोविसावं घर नानांचं.

बोलावलं त्यांच्या लेकीने. तीही बाईंची जुनी विद्यार्थिनी, आता औषधांच्या दुकानात काम करणारी. "बाई, बाबा खाली येतच नाहीत हो," ती सांगत होती. "आई जाऊन तीन वर्षं झाली. दुपारी वरच्या खोलीत जाऊन बसतात ते रात्री जेवायला हाका मारून थकले तरी उठत नाहीत. म्हणतात, ती वर काम करतेय, तिला एकटं कसं सोडू? वजन बघा त्यांचं. शर्ट खुंटीला टांगल्यासारखा दिसतो अंगावर."

नाना म्हणजे पुस्तकं बांधणारे कारागीर. जन्मभर नवरा-बायकोने मिळून बाइंडिंग केलं. बायको फर्मे, म्हणजे छापील पानांचे घड्या घातलेले गठ्ठे, शिवायची, नाना पुठ्ठा आणि कापड चढवायचे. वरच्या खोलीत अजून सगळं जिथल्या तिथे होतं: पुस्तकं दाबून ठेवायचा लाकडी शिकंजा, खळीची वाळलेली वाटी, मेण लावलेल्या दोऱ्याचं रीळ, आणि खिडकीपाशी बायकोची वेताची बुटकी खुर्ची. डोक्यावर पत्रा, पत्र्याखाली एक झरोका. खोलीला जुन्या कागदाचा आणि सरसाचा वास होता, आणि तो वास इतका स्थिर होता की जणू हवासुद्धा बांधून ठेवली होती.

"चार वाजता सुरू होतं," नाना म्हणाले. त्यांचा चेहरा पाहुण्यांना घर दाखवणाऱ्या माणसासारखा आनंदी होता. "आधी सर्र. म्हणजे दोरा ओढला. मग टक. म्हणजे सुई फळीला टेकवली. अशीच शिवायची ती. चाळीस वर्षं ऐकलंय. माझी चूक व्हायची नाही."

बाई त्या खोलीत मधोमध उभ्या राहिल्या आणि नानांना नियम समजावून सांगू लागल्या. समजावणं हे बाईंचं सुख होतं. निवृत्तीनंतर त्यांना कशाची आठवण येत असेल तर पगाराची नाही, मानाची नाही. चाळीस चेहऱ्यांमध्ये एकाएकी एक चेहरा उजळतो ना, त्याची. म्हणून एका माणसाला सांगायची गोष्टही त्या अजून वर्गाला सांगितल्यासारखी सांगत. सावकाश, तीनदा, उदाहरण देऊन.

"आपला आवाज आपण सांगायचा. समजा, माझी खुर्ची वाजली. मग मी काय म्हणणार? 'खुर्ची. मी.' पेन्सिल पडली? 'पेन्सिल. मी.' लाजायचं नाही, विसरायचं नाही. प्रत्येकाने सांगायचं." आणि मग सवयीने, खोलीवर एकदा नजर फिरवून, "कुणाला समजलं नाही?"

वायरमन हसला. "बाई, वर्गात एकच मुलगा आहे, आणि तो चौऱ्याहत्तर वर्षांचा."

"तू गप्प बस. तुला तिसरीतही दोनदा सांगावं लागायचं."

चार ते पाच सगळे आपापल्या जागी बसले. वरच्या खोलीत नाना शिकंज्यापाशी आणि वायरमन दाराजवळ स्टुलावर. बायकोच्या खुर्चीवर कुणी बसलं नाही. तेवढी रीत सगळ्यांना होती. बाई जिन्याच्या मधल्या पायरीवर. सिस्टर खाली स्वयंपाकघरात लेकीसोबत. प्रत्येक जागी एक रेकॉर्डर.

आवाज आला. चार वाजून पाचच मिनिटं झाली असताना आला, आणि मग थोड्या थोड्या वेळाने येत राहिला. सर्र… टक. बाईंनी पायरीवर बसून तो ऐकला आणि खरं सांगायचं तर त्यांच्याही काळजात काहीतरी हललं.

पण पाच वाजता त्या उठल्या, झरोक्यापाशी पातळ कागदाची पट्टी धरली, आणि पंधरा मिनिटांत उत्तर सापडलं. झरोक्याला एक जुना कापडी पडदा होता, तो गुंडाळायची दोरी, दोरीच्या टोकाला लाकडी गोंडा. उन्हं कलली की पत्रा तापायचा, खोलीतली गरम हवा झरोक्यातून बाहेर धावायची, पडदा बाहेर ओढला जायचा, दोरी चौकटीवरून सरकायची. सर्र. हवा सैल पडली की गोंडा भिंतीवर आपटायचा. टक. वायरमनने पडदा हाताने हलवून दाखवला. तंतोतंत तोच आवाज. रेकॉर्डरवरची पहिली वीस मिनिटं ऐकून वेळाही जुळवल्या. बाईंनी गोंडा खिळ्याला घट्ट बांधला आणि आवाज थांबला.

हे सगळं त्यांनी नानांना समजावलं. सावकाश, तीनदा, कागदावर चित्र काढून. नानांनी मान डोलावली. "अस्सं," ते म्हणाले. "दोरी होय." मग ते सगळ्यांबरोबर खाली आले आणि लेकीने वाढलेलं सगळं जेवले. लेकीने दारात बाईंचा हात धरला, तेव्हा तिचे डोळे भरले होते. रजिस्टरमध्ये नोंद झाली: 'झरोक्याची दोरी. मिटलं.'

तीन आठवड्यांनी नाना एकटे बाईंच्या घरी आले. शर्ट आणखी सैल झाला होता.

"जेवता ना?" बाईंनी विचारलं.

"जेवतो की. पुढ्यात येतं, जेवतो." ते टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले, पुस्तकाची पाठ तपासावी तसं. "बाई, मी ती गाठ सोडली. दुसऱ्याच दिवशी. आवाज आला परत. पण आता तो दोरीचा येतो."

बाईंनी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला.

"तीन वर्षं वर ती होती. आता दोरी आहे. तुमचं चुकलं असं नाही म्हणत मी. पण तुम्ही एवढ्या मुलांना शिकवलंत. शिकवलेलं परत काढून घेता येतं का हो? मला ते नको आहे. ते तेवढं काढून घ्या."

अडतीस वर्षांत बाईंना हजारो प्रश्न विचारले गेले होते. आकाश निळं का, पाल भिंतीवरून पडत का नाही. या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, आणि आज 'कळलं नाही'चा अर्धा गुणही मिळण्यासारखा नव्हता. नाना गेल्यावर चहाचे दोन कप बराच वेळ तसेच पडून राहिले.

रविवारी वायरमन म्हणाला, "बाई, एक थाप मारू. म्हणू, दोरीशिवाय आणखी एक आवाज होता, तो कळला नाही. म्हातारा खूश, आपल्या बापाचं काय जातं?"

"लेक त्याची काय म्हणेल?" सिस्टर म्हणाल्या. "आणि उद्या दुसऱ्या घरी काय सांगायचं? की आम्ही खरं बोलतो, फक्त वाईट वाटलं तर नाही?"

थाप मारायची नाही, हे बाईंचंही ठरलेलं होतं. पण त्यांना एक गोष्ट आतून टोचत होती. उत्तर सापडलं म्हणून त्यांनी रेकॉर्डर वीस मिनिटांवर बंद केला होता. पूर्ण ऐकायचा हा त्यांचाच नियम. उत्तर सापडलं की वही मिटायची घाई होते. मुलांना त्या हेच सांगायच्या, शेवटची ओळ वाचल्याशिवाय पेपर देऊ नका. स्वतः मात्र दिला होता.

सोमवारी दुपारी त्या एकट्याच वरच्या खोलीतलं रेकॉर्डिंग कानाला लावून बसल्या. बाहेर कुणीतरी गाद्या झटकत होतं. रेकॉर्डिंगमध्ये दोरी सरकत होती, गोंडा आपटत होता. वायरमनचा आवाज: "स्टूल. मी." नानांचा: "खोकला. मी," अगदी शहाण्या मुलासारखा. पुन्हा दोरी. पुन्हा दोरी.

चार वाजून सत्तावीस मिनिटांनी वेत कुरकुरला. बुटक्या खुर्चीवर कुणी बूड टेकवावं तसा, हळू, दोन टप्प्यांत.

मग रेकॉर्डरच्या अगदी जवळून, श्वासाइतका बारीक, एका बाईमाणसाचा आवाज.

"खुर्ची. मी."

बाईंनी ते बंद केलं. उठून पाणी प्यायल्या. वायरमनची वही काढून पाहिली. त्यात ४.२७ पुढे लिहिलं होतं, 'खुर्ची, बहुतेक नाना.' नानांकडून लिहून घेतलेल्या कागदावर होतं, 'खुर्ची वाजली, वायरमनची.' दोघांनी एकमेकांवर ढकललं होतं. आणि दोघांपैकी कुणीच 'मी' म्हटलं नव्हतं, कारण दोघांपैकी कुणीच नव्हतं.

आपला स्वतःचा आवाज आपल्याला परका वाटतो, म्हणून त्यांनी जिन्यावरचा रेकॉर्डरही लावला. चार सत्तावीसला जिन्यावर फक्त त्यांचा श्वास होता. स्वयंपाकघरातल्या रेकॉर्डरवर सिस्टर आणि लेक, दोघी गप्प.

संध्याकाळी त्यांनी वायरमनला आणि सिस्टरांना बोलावलं, काही न सांगता ऐकवलं, आणि काय ऐकलं ते वेगवेगळ्या कागदांवर लिहायला लावलं. दोन्ही कागदांवर तेच दोन शब्द होते. वायरमनने खाली एक ओळ जास्त लिहिली होती: 'बाई, तुम्ही नियम त्या खोलीत उभं राहून सांगितला होता.'

चहा घेताना वायरमनने त्या दिवशी मोठा आवाज केला. बाईंनी त्याला काही म्हटलं नाही.

लेक ऐकायलाच तयार नव्हती. "नका ऐकवू बाबांना," ती औषधाच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, खोक्यांच्या मध्ये उभी राहून म्हणाली. "तुमच्या पाया पडते, बाई. पुन्हा वर जाऊन बसतील आणि या वेळी उतरणार नाहीत."

"परवानगीच्या कागदावर मी सही केलीय, बाळा. जे मिळेल ते घरमालकाला दाखवू, चांगलं-वाईट न निवडता. घर त्यांचं आहे." बाई थांबल्या. "आणि मी त्यांच्याकडून काहीतरी घेतलंय. ते परत देण्यासारखं असेल तर देऊ दे मला."

हे शेवटचं वाक्य मंडळाच्या कुठल्याच नियमात बसत नव्हतं, हे त्यांना बोलतानाच कळलं.

लेक बराच वेळ एका खोक्याची पट्टी नखाने खरवडत राहिली. "मग मी तिथे असणार," ती म्हणाली.

दुसऱ्या बैठकीला पाचही जण वर होते. बाईंनी आधी गोंडा खिळ्याला बांधला, दोनदा ओढून पाहिला. या वेळी नियम त्यांनी खाली अंगणातच सांगून घेतले होते.

नानांनी रेकॉर्डरचं यंत्र कानाला लावलं. त्यांचा चेहरा इतका उघडा होता की बाईंना त्याच्याकडे बघवेना. लग्नघराच्या दारात गाडीची वाट बघणाऱ्या माणसाचा चेहरा.

ऐकून झालं. ते म्हणाले, "परत लावा."

पुन्हा ऐकलं. "अजून एकदा."

तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटले होते. मग यंत्र काढून मांडीवर ठेवलं.

"ही ती नव्हे," नाना म्हणाले.

"नीट ऐका, नाना," वायरमन म्हणाला. "बारीक आहे आवाज, त्यामुळे…"

"बारीक तिचा नव्हताच कधी. ती हाक मारायची तर कबुतरं उडायची पत्र्यावरची." ते हसले, आणि ते हसू चेहऱ्यावरच राहून गेलं, उतरायला विसरल्यासारखं. "ही कुणी दुसरी आहे. लहान वाटते. जपून बोलते. साहेब तपासणीला आल्यावर मुलं बोलतात ना, तशी."

लेकीने तोंडावर हात ठेवला.

"मग तीन वर्षं मी कुणाशी बोलत होतो?" त्यांनी बाईंना विचारलं. "सगळं सांगितलंय हो मी. पहिल्या घरात भांडलो कशावरून. लेक झाली त्या दिवशी ती काय म्हणाली. ती कशी बोलायची ते बोलून दाखवायचो, तिच्याच आवाजात. विसरू नये म्हणून. मला वाटायचं ती ऐकून हसत असेल. परक्या बाईला मी…"

"माहीत नाही, नाना," बाई म्हणाल्या. एवढंच खरं होतं.

चार वाजले. पत्रा तापल्याचा एक कडकडाट झाला. बाईंनी गोंड्याकडे पाहिलं. तो बांधलेला होता आणि हलत नव्हता.

सर्र.

सगळ्यांनी ऐकलं. यंत्राशिवाय.

टक.

सिस्टरांनी नानांची नाडी धरली होती, ती तशीच धरून ठेवली.

खिडकीपाशी, बुटक्या खुर्चीच्या उंचीवरून, धडा नीट पाठ केलेल्या मुलीचा आवाज आला.

"दोरा. मी."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते भीतीचं नव्हतं. नंतर अनेकदा त्यांनी स्वतःला त्याबद्दल विचारलं. समजावलेलं कुणालातरी समजलं होतं. कुणीतरी तीन वर्षं, की त्याहून जास्त, त्या खुर्चीत बसून होतं. त्याच्याकडे बघून कुणीच कधी 'समजलं का' विचारलं नव्हतं. आणि एका दुपारी एक मास्तरीण येऊन विचारून गेली होती.

नाना पुढे झुकले. कुणाला हाक मारायची नाही हा नियम त्यांना सांगितला होता, त्यांनी मानही डोलावली होती.

"तू सगळं ऐकलंस ना माझं?" ते हळूच म्हणाले. "तिच्याबद्दलचं?"

वेत कुरकुरला.

"खुर्ची," तो आवाज म्हणाला. मग, थोडं थांबून, "मी."

लेकीने वडिलांना दंडाला धरून उठवलं. ते मुकाट्याने उठले. वाद घातला नाही, मागे वळून पाहिलं नाही. सगळे खाली उतरले, खोलीला कुलूप लागलं आणि किल्ली लेकीने ठेवली. रजिस्टरमध्ये बाईंनी 'मिटलं'वर एक रेघ मारली आणि पुढे लिहिलं, 'कळलं नाही.' नियमांच्या पानावर एक नवा नियम आला: नियम घराबाहेर सांगायचे.

त्यानंतर दर आठवड्याला एकेक जण नानांकडे जाऊन येई. वायरमन गेला तेव्हा नाना अंगणात ऊन खात होते. सिस्टर गेल्या तेव्हा त्यांचं वजन सव्वा किलोने वाढलं होतं. बाई गेल्या तेव्हा नानांनी स्वतः चहा केला, दुकानातल्या गमती लेकीला विचारल्या आणि बाईंच्या रजिस्टरची सुटलेली पाठ पाहून 'छे छे, हे कुणी बांधलंय' म्हणून कपाळाला हात लावला. वरच्या खोलीचं नाव कुणी काढलं नाही. फाटकाशी लेक म्हणाली, "बाई, तुम्ही दिलंत हो मला माझं माणूस परत." बाईंनी तिच्या पाठीवर थोपटलं. घरी येताना त्यांना वाटलं, अजून एका नोंदीवर रेघ मारायला हरकत नाही. पण घाई केली नाही. या वेळी पूर्ण ऐकायचं ठरवलं होतं.

दोन महिन्यांनी, एका सुट्टीच्या दुपारी, साडेचारच्या सुमाराला फोन वाजला.

"बाई, नाना बोलतोय." आवाज दबका होता, पण आतून फुललेला. मुलाला पहिल्यांदा सायकल जमली की तो असा बोलतो. "एक विचारायचं होतं. तुम्ही मुलांना शिकवताना, चुकलं की लगेच सांगायचा की आधी पूर्ण बोलू द्यायचा?"

"पूर्ण बोलू द्यायचं," बाई म्हणाल्या. तोंडातून उत्तर आधी गेलं आणि मग प्रश्न लक्षात आला. "नाना, तुम्ही कुठे आहात?"

"दुसरी किल्ली होती माझ्याकडे. लेकीला माहीत नाही." ते हसले. "हुशार आहे हो. काही काही तर तिला आधीच पाठ होतं, मी तीन वर्षं बडबडलो ते. आवाज तेवढा बारीक होता, तो आता खाली आणलाय. सुरुवातीला घाबरायची. आता रोज विचारते, बरोबर का, बरोबर का."

"नाना, खाली या. लेक कुठंय?"

"ती खाली. भांडी घासतेय. तिला अजून नाही सांगितलं; आधी नीट येऊ दे म्हटलं. आज हाक घेतोय. तिची आई तिला 'चिमणे' म्हणायची. त्यातला 'णे' लांबवायची आणि शेवटी जरा चिडायची. ते चिडणं जमत नाही अजून." ते फोनपासून दूर झाले. "हं. परत म्हण. न घाबरता."

बाईंनी ऐकलं. "चिमणे," असं कुणीतरी म्हणालं, जाड आवाजात, जपून.

"छान. पण मोठ्याने. आणि चीड. काम पडलंय आणि ही येत नाही, अशी चीड."

"नाना!" बाई ओरडल्या. "नाना, ऐका माझं…"

पत्र्यावरून कबुतरं उडाल्याचा फडफडाट फोनमध्ये ऐकू आला, आणि त्याच्या आत ती हाक.

"चिमणेऽऽ!"

नानांचा श्वास थांबला.

खूप खालून, घराच्या तळातून, नळ बंद झाल्याचा आवाज आला. भांडं ओट्यावर ठेवलं गेलं. आणि लेकीचा आवाज, कामात बुडालेल्या माणसाचा, विचार न करता निघालेला:

"आले गं, आई."

जिन्यावर पावलं वाजू लागली.